उघड्या फांद्यांचे दोन महिने

जानेवारी लागला की हैदराबादेतल्या आबिड्सच्या गच्च्यांवर एका झुडपावर हमखास गदा येते. चार महिन्यांपूर्वी ज्याच्या गुलाबी तुऱ्यांचे फोटो घरच्या मंडळींनी नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरवलेले असतात, तेच आता नुसत्या काड्या घेऊन अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये उभं असतं. येणारा-जाणारा ‘वाळलं वाटतं’ म्हणतो. मालकीणबाई आधी दोन तांबे पाणी जास्त घालतात, मग शेणखत, मग कुणी सांगितलं म्हणून आंबट ताक. फेब्रुवारीत बुडाशी कुजका वास सुटतो आणि झुडूप कचऱ्याच्या गाडीत जातं. आता मात्र ते खरोखर मेलेलं असतं.

हे झुडूप म्हणजे सावनी. रोपवाटिकेत ‘लॅजरस्ट्रोमिया’ म्हटलं तर विकणारा पोरगा ओळखतो, ‘सावनी’ म्हटलं तर म्हातारा माळी ओळखतो. महाराष्ट्राचं राज्यफूल ताम्हण याच वंशातलं. ताम्हणाचा मोठा वृक्ष होतो, सावनी मात्र माणसाच्या उंचीपासून दीड-दोन पुरुष उंचीपर्यंत थांबते. कूळ जरा वर शोधत गेलं की आणखी मजेदार मंडळी भेटतात: मेंदी, डाळिंब, सह्याद्रीच्या उतारांवरची धायटी आणि चक्क तळ्यातला शिंगाडा. आषाढात हैदराबादच्या तेलुगू घरांतून गोरिंटाकू, म्हणजे ताज्या मेंदीचा पाला, वाटायला घेतात. त्या मेंदीचं कुंपण आणि शेजारच्या कुंडीतली सावनी ही एकाच घराण्यातली आहेत, हे वाटणाऱ्या हातांना बहुधा ठाऊक नसतं.

माझा या लेखातला मुद्दा एवढाच आहे, की आबिड्ससारख्या दाटीच्या वस्तीत बारमाही हिरव्या, दुकानातून आणलेल्या शोभेच्या झाडांपेक्षा पानं गाळणारं फुलझुडूप जास्त शहाणपणाचं आहे. ऊन, पाणी आणि जागा या तिन्हींची इथे टंचाई. सावनी या तिन्हींचा हिशेब ऋतूप्रमाणे ठेवते. आपल्याला फक्त तिचे दोन-अडीच महिने उघड्या फांद्या सोसता आल्या पाहिजेत. नेमकं तेच जमत नाही.

*

आबिड्स हे नाव अल्बर्ट आबिद या आर्मेनियन गृहस्थावरून पडलं. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या खासगी सेवेत तो होता आणि त्याचं दुकान इथे होतं. आज या चौकात नेहरूंचा पुतळा, मोठं टपाल कार्यालय, कपड्यांची आणि चपलांची दुकानं, आणि रविवारी ती दुकानं बंद झाली की फुटपाथवर पसरणारी जुनी पुस्तकं. इथून पायी निघालं तर पंधरा-वीस मिनिटांत मोअज्जम जाही मार्केट, जांबाग, कोठी, सुलतान बाजार, हनुमान टेकडी, रामकोट असा मराठी माणसांचा जुना पट्टा लागतो. विवेक वर्धिनी जांबागेतच. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात, नंतर हैदराबाद राज्यात होता, तेव्हा नांदेड-परभणी-बीड-उस्मानाबाद-औरंगाबादच्या मंडळींना शिक्षण, कोर्ट, नोकरी यांसाठी हेच राजधानीचं शहर. राज्यपुनर्रचना झाली, जिल्हे मुंबई राज्यात गेले, बरीच घरं मात्र इथेच राहिली. त्यांच्याबरोबर अंगणाची सवयही राहिली. अंगण तेवढं गेलं.

पत्त्यांमधून बागा अजून दिसतात. जांबाग, बशीरबाग, बाग लिंगमपल्ली, नामपल्लीचा बाग-ए-आम. त्यांपैकी खरोखर बाग म्हणावी अशी बाग-ए-आमच उरली आहे. बाकीच्या नावांच्या बसगाड्या सुटतात. कोठीत ब्रिटिश रेसिडेन्सीची खांबांची इमारत बांधणारा जेम्स किर्कपॅट्रिक बागेचा मोठा शौकीन होता. राजकारणाइतकंच मन तो फळझाडांत घालत असे. तिथे आता महिला विद्यापीठ आहे. जांबागेच्या फुलबाजाराचा घाऊक व्यापार गुडीमलकापूरला गेला, तरी मोअज्जम जाही मार्केटच्या अंगाला गजरे आणि हार विकणारे बसतातच. बंगल्यांचे कॉम्प्लेक्स झाले, तळाशी पार्किंग आलं, आणि झाडं वर, गच्चीवर चढली.

याचा अर्थ इथलं बागकाम हे मुळात ड्रमचं बागकाम आहे. ते समजून न घेता कोकणातल्या किंवा पुण्यातल्या बागेचे नियम इथे लावले की फसगत ठरलेली.

*

आधी जमिनीचं. हैदराबाद समुद्रसपाटीपासून सुमारे ५४० मीटरवर, अडीच अब्ज वर्षं जुन्या ग्रॅनाइटवर बसलेलं आहे. जिथे पायासाठी खणावं तिथे खडक लागतो. त्या ग्रॅनाइटची झीज होऊन झालेली तांबडी, रेताड माती. तेलंगणात तिला चल्का म्हणतात. पाणी ओतलं की भरभर खाली उतरतं, खत धरून ठेवत नाही. काळी, भेगाळणारी ती रेगडी. सावनीला दोन्ही चालतात, पण एकेकटी नको. ड्रमसाठी दोन भाग तांबडी माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग भरड वाळू आणि ओंजळभर निंबोळी पेंड, असं मिश्रण इथे बरं चालतं. ड्रमच्या बुडाला भोकं पाडताना कंजुषी करू नये. बुडाशी पाणी साचलं तर ही चिवट बया आठवड्यात हातची जाते.

आता रोपाचं. हैदराबादच्या रस्त्याकडेच्या रोपवाटिकांत दिसणारी बरीच रोपं आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून येतात. गोदावरीच्या काठावरची ती मैलोन्‌मैल रोपवाटिकांची वस्ती आहे. म्हणजे नाशिक-पैठण-नांदेडचं पाणी पिऊन वाढलेलं रोप उलटा प्रवास करून दख्खनच्या पठारावर चढतं, असं म्हणायला हरकत नाही. अडचण अशी, की पिशवीतल्या रोपाच्या मुळांभोवती पुष्कळदा चिकट मातीचा घट्ट गोळा असतो. तो तसाच आपल्या भुसभुशीत मिश्रणात ठेवला तर पाणी भोवतालच्या मातीतून निसटून जातं आणि गोळा आतून दगडासारखा कोरडा राहतो. पानं माना टाकतात, आपण आणखी पाणी घालतो, तेही बाजूने जातं. म्हणून पिशवी फाडल्यावर गोळा अर्धा तास पाण्याच्या बादलीत ठेवावा, बाहेरची माती बोटांनी हलकेच सैल करावी, वेटोळं घातलेली मुळं मोकळी करावी आणि मगच लावावं. लावायची वेळ मृगाचे पहिले दोन-तीन पाऊस झाल्यावरची. मेमध्ये उत्साहाच्या भरात लावलेलं रोप जगवण्यात पाणी आणि जीव दोन्ही जातात.

आणि ऊन. बागेविषयीच्या पुस्तकांत ‘सहा तास थेट ऊन हवं’ एवढं एक वाक्य असतं आणि पाच मजली इमारतींच्या बोळात राहणारा वाचक तिथेच पुस्तक मिटतो. पण आबिड्सचं ऊन जरा नीट पाहण्यासारखं आहे. हैदराबाद साधारण १७.४ अंश उत्तर अक्षांशावर. ९ मेच्या सुमारास दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो, खांबाची सावली खांबाखालीच लपते. पुन्हा असं ३ ऑगस्टच्या सुमारास होतं. या दोन तारखांच्या मधले जवळजवळ तीन महिने दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. सकाळ-संध्याकाळचं ऊन तर मार्चअखेरपासून सप्टेंबरपर्यंत ईशान्येकडून आणि वायव्येकडून तिरपं येतं. उत्तरेकडच्या ज्या बाल्कनीला ‘इथे काही येत नाही’ म्हणून लोकांनी सोडून दिलेलं असतं, तिला नेमके सावनीच्या फुलण्याच्या महिन्यांत चार तास ऊन मिळतं, समोरची इमारत आडवी आली नाही तर. थंडीत तिथे ऊन शिरत नाही, आणि थंडीत सावनीला पानंच नसतात. ज्या काळात ऊन नाही त्या काळात तिला ते लागतही नाही.

गच्चीसारखा बहर बाल्कनीत येणार नाही, हे कबूल. तुरे आखूड येतील, भुरी रोगाचा त्रास जास्त होईल. पण मनी प्लांटच्या चौथ्या वेलीपेक्षा हे नक्की बरं.

दक्षिणेकडच्या खिडकीपुढे उलटा फायदा आहे. उन्हाळ्या-पावसाळ्यात पानांचा पडदा, आणि डिसेंबर-जानेवारीत सकाळचं कोवळं ऊन थेट घरात. ज्या घरात म्हातारी माणसं खुर्ची सरकवत ऊन शोधतात, त्यांना याची किंमत सांगायला नको. सदाहरित झाड ते ऊन वर्षभर स्वतःकडेच ठेवतं.

*

रामकोटच्या एका गच्चीवर मी हे सगळं प्रत्यक्ष पाहायला गेलो होतो. जानेवारीचा शेवटचा आठवडा. घरच्या काकू मूळच्या नांदेडच्या; माळ्याशी बोलताना अस्सल दखनी.

“मियाँ, ये सूख गया जी. निकाल देना.”

माळीबुवांनी फांदीवर अंगठ्याचं नख ओढलं. करड्या सालीखाली ओली, पोपटी रेघ उमटली.

“कां सूखा अम्मा? देखो, हरा है अंदर. पानी नक्को डालो रोज-रोज, बस.”

“हौ?” काकू वाकून बघायला लागल्या. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, “अहो, पण दारात असं उघडंबोडकं झाड बरं दिसतं का?”

सगळी अडचण या ‘बरं दिसण्याची’ आहे. नखाची परीक्षा ज्याने-त्याने करावी. हिरवं दिसलं तर झाड जिवंत, तपकिरी आणि कोरडं दिसलं तर तेवढी फांदी मेलेली. खाली बुंध्यापर्यंत येत तपासावं. शेंडा वाळला म्हणजे झाड गेलं असं नाही.

पान गळतं तेव्हा आत काय चालतं, हे कळलं तर धीर धरणं सोपं जातं. दिवस लहान झाले, रात्री गार झाल्या की झाड पानातलं हरितद्रव्य मोडायला घेतं आणि त्यातला नत्र, स्फुरद यांसारखा ऐवज फांदीत, खोडात, मुळांत परत ओढून घेतं. हिरवा रंग ओसरला की पिवळा, नारिंगी, कधी लालसर रंग दिसू लागतो. थंड मुलखात सावनीची पानं यामुळे पेटल्यासारखी दिसतात, आपल्याकडे ती नुसती तांबूस होतात. शेवटी देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर सुटा होतो आणि पान पडतं. मागे राहिलेली जखम आधीच बुजलेली असते. झाडाने पान टाकलेलं असतं, पानाने झाड सोडलेलं नसतं. पानंच नाहीत म्हणजे पाणी उडून जाण्याची वाट बंद. तेव्हा डिसेंबर-जानेवारीत ड्रमला रोज पाणी घातलं तर ते जायचं कुठे? मुळांभोवती साचतं, हवा संपते, मुळं कुजतात. या दिवसांत बोटाची दोन पेरं मातीत घालून बघावी. कोरडं लागलं तर आठ-दहा दिवसांनी एकदा पाणी, एवढंच. खत अजिबात नाही.

हैदराबादची थंडी काही काश्मीरची नाही. जानेवारीतल्या रात्री साधारण पंधरा अंशांच्या आसपास असतात. त्यामुळे काही वर्षी सावनी पुरती उघडी होतही नाही, थोडी मळकी पानं धरून बसते. तीही छाटणीच्या वेळी उतरवून टाकावी. अमेरिकेत आणि युरोपात ज्या फुलझुडपांवर लोक जीव टाकतात, त्यांतल्या लायलॅक आणि फोर्सिथिया यांना कळी उमलण्यासाठी कडाक्याची, आठवडेच्या आठवडे टिकणारी थंडी लागते. न्यू जर्सीतल्या मराठी घरांच्या अंगणात एप्रिलमध्ये फोर्सिथियाची पिवळीधम्मक कुंपणं बघून आलेले आईवडील इथे त्याचं रोप शोधतात. मिळालं तरी उपयोग नाही; आपली थंडी त्यांच्या हिशेबात थंडीच नव्हे. सावनी दोन्हीकडे जमवून घेते. शून्याखाली पंधरा अंशांची थंडीही सोसते आणि मेमधल्या आमच्या गच्चीचा तवाही. एका झुडपाने इतकं केलं तर त्याला चिवट म्हणायला हरकत नसावी.

*

शास्त्रीय नावात ‘इंडिका’ असलं तरी सावनी मूळची चीन आणि आग्नेय आशियाची. १७५९ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने तिला नाव दिलं ते आपल्या स्वीडिश मित्राचं, माग्नुस फॉन लागरस्ट्रोमचं. हा स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीचा संचालक. कंपनीच्या जहाजांतून आलेल्या पूर्वेकडच्या वनस्पती तो लिनियसला पुरवत असे. त्या काळी युरोपच्या लेखी पूर्वेकडचं सगळंच ‘इंडिया’. चीनमध्ये तांग राजवटीत दरबारी सचिवालयाच्या आवारात हे झाड मानाने लावलेलं असे. तिकडे ‘शंभर दिवस लाल’ अशी त्याची ख्याती, आणि जपानात ‘माकड घसरेल’ अशी. कारण जुनी साल पापुद्र्यांनी सुटून पडते आणि खालचं खोड हाताला पॉलिश केल्यासारखं गुळगुळीत लागतं. चिनी पोरं या झाडाला गुदगुल्या करतात म्हणे: खोडावर नख फिरवलं की शेंडे थरथरतात. यात चमत्कार नाही. सडपातळ खोडावर जड तुरे असले की बारीकसा हेलकावाही वर जाऊन मोठा होतो. पण आठ वर्षांच्या नातवाला गच्चीवर आणायला ही युक्ती हमखास चालते.

अमेरिकेत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आंद्रे मिशो या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने ती चार्ल्स्टनला नेली. दक्षिणेकडच्या राज्यांत ती इतकी रुजली, की टेक्ससने १९९७ मध्ये तिला राज्याचं झुडूप ठरवलं. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात डोनाल्ड एगॉल्फ या पैदासकाराने जपानच्या याकुशिमा बेटावरच्या दुसऱ्या लॅजरस्ट्रोमियाशी तिचा संकर करून भुरीला दाद न देणाऱ्या जाती काढल्या आणि त्यांना तिथल्या मूळ रहिवासी जमातींची नावं दिली: नॅचेझ, मस्कोगी, टस्करोरा. आपल्याकडे रोपवाटिकेत अशी जातीची चिठ्ठी लावलेली मिळत नाही. पांढरी, फिकी गुलाबी, जांभळी, गडद लाल, एवढाच तपशील. बुटकी आहे की उंच वाढणारी, हे तरी विचारून घ्यावं. ड्रमला बुटकी बरी.

फूल मात्र हातात घेऊन पाहावं. झिरझिरीत, क्रेप कापडासारख्या चुण्या पडलेल्या साधारण सहा पाकळ्या. प्रत्येक पाकळीला बारीक दोऱ्यासारखा देठ, त्यामुळे ती मधल्या पेल्यापासून सुटी, हवेत धरल्यासारखी दिसते. मधोमध पिवळ्या धमक आखूड पुंकेसरांचा झुबका. आणि त्याच्याबाहेर, लक्ष देऊन पाहिल्याशिवाय न दिसणारे, लांब, आत वळलेले, मातकट रंगाचे सहा पुंकेसर. या फुलात मध नाही. माशी येते ती परागासाठीच. ती मधल्या पिवळ्या झुबक्यावर बसून पोटभर खाते, आणि तेवढ्यात बाहेरचे सहा वाकडे पुंकेसर तिच्या पाठीला, बाजूंना आपला पराग चोपडून मोकळे होतात. खायचा पराग वेगळा, वंश चालवायचा वेगळा. जेवण दाखवून काम करून घेण्याची ही पद्धत आहे. सकाळी साडेसात-आठला गच्चीवर जावं. फुलोरी माशी, सातेरी, कधी काळा भुंगा, आणि जुन्या इमारतींच्या छज्जांना पोळी लावणाऱ्या आग्या माश्याही येतात. त्यांना फटकारू नये, त्यांचं आपल्याकडे काही काम नसतं.

*

आता छाटणी. सावनी ही ज्या त्या वर्षीच्या नव्या फुटीच्या टोकाला फुलते. जुन्या फांदीवर कळी येत नाही. म्हणजे छाटणी वेळेवर केली तर फुलं वाढतात, अवेळी केली तर तीच कात्री वर्षाचा बहर घेऊन जाते. वेळ म्हणजे जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य, डोळे फुगायच्या आत. द्राक्षाच्या किंवा डाळिंबाच्या बागेत वाढलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. सोलापूरकडच्या डाळिंबवाल्यांनी बहर धरण्यासाठी झाडाला पाण्याचा ताण देऊन पानं उतरवताना पाहिलेला माणूस उघड्या झाडाला भीत नाही. पुढच्या हंगामाची तयारी म्हणूनच तो त्याच्याकडे बघतो. शहरातल्या माणसाला ते पाहायला मिळालेलं नसतं.

आधी बुडापासून फुटलेले धुमारे काढावेत. मग एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या. मग पेन्सिलीपेक्षा बारीक, आतल्या बाजूला वाढलेल्या काड्या. तीन, फार तर पाच मजबूत खोडं ठेवून मधे हवा खेळेल इतकी मोकळीक करावी, आणि उरलेल्या फांद्या बाहेरच्या बाजूच्या डोळ्यावर तिरका काप देऊन तिसऱ्या हिश्श्याने आखूड कराव्यात. एवढंच. करवत घेऊन दरवर्षी त्याच उंचीवर सपासप डोकं उडवणं हा प्रकार सर्रास चालतो. कापल्या जागी मुठीएवढ्या गाठी तयार होतात, त्यांतून वीस-वीस लवचिक काड्या फुटतात आणि पहिल्या पावसात फुलांच्या भाराने जमिनीला टेकतात. अमेरिकेतले बागवाले याला सरळ खूनच म्हणतात. दुभाजकांवर आणि संस्थांच्या आवारांत कंत्राटी कात्री चालते तिथे हे दृश्य तुम्ही पाहिलेलं असेल.

छाटलेल्या पेन्सिलजाड काड्या फेकू नयेत. वीतभर लांबीचे, तीन-चार डोळ्यांचे तुकडे करून खालचे दोन डोळे ओल्या वाळूत जातील असे खोचावेत, सावलीत ठेवावेत. होळीपर्यंत बऱ्याच काड्यांना पालवी फुटलेली दिसते. पालवी म्हणजे मुळं नव्हेत, तेव्हा उपटून बघण्याचा मोह आवरावा. पावसाळ्यात ती रोपं वाटायला तयार. आबिड्स-कोठी पट्ट्यात रोपं अशीच पसरतात. हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे देण्यापेक्षा हे चांगलं.

पहिली पालवी दिसली की शेणखताची एक पाटी आणि पाणी सुरू. रासायनिक खत, विशेषतः युरिया, जपून. नत्र जास्त झाला तर हिरवागार पाला येतो आणि फूल रुसतं. एप्रिलअखेरीस-मेमध्ये पहिला बहर. तुरा सुकला की त्याच्या जागी हिरवी, मग तपकिरी बोंडं धरतात. बियांची गरज नसेल तर ती धरण्याआधीच तुरा दोन पानांसह खुडावा. महिना-दीड महिन्यात खालून नवी फूट येऊन पुन्हा कळ्या. असे दोन-तीन बहर दसऱ्यापर्यंत मिळतात. दसऱ्यानंतर खुडणं थांबवावं, नाहीतर झाड नव्या फुटीच्या नादी लागून विश्रांतीला उशीर करतं.

रोगांत मुख्य भुरी. नाशिक-सांगलीच्या द्राक्षवाल्यांना जिने रात्रीची झोप दिली नाही, तिच्याच घराण्यातली ही पांढरी पावडर कोवळ्या पानांवर, कळ्यांवर बसते. ढगाळ दिवस, दमट हवा, आणि दाटीत कोंडलेलं झाड असलं की हमखास. खरा उपाय छाटणीतली मोकळीक आणि ऊन. तरीही आली तर पाण्यात विरघळणारं ८० टक्के गंधक लिटरला दोन ग्रॅम, सकाळी लवकर. भर उन्हाळ्यात मात्र नको, पानं भाजतात. मावा आला की त्याच्या चिकट विष्ठेवर काजळीसारखी काळी बुरशी चढते आणि लोक बुरशीवर औषध शोधत बसतात. आधी मावा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवावा, मग लिटरला पाच मिली निंबोळी तेल थोड्या साबणाच्या पाण्यात फेटून फवारावं. पिठ्या ढेकूण दिसला तर कापसाच्या बोळ्याने पुसून काढणं हाच ड्रमच्या बागेतला सोपा मार्ग. याहून तीव्र औषधं वाळत घातलेल्या कपड्यांच्या आणि पापड-कुरडयांच्या गच्चीवर आणूच नयेत.

*

प्राजक्तही पानं गाळणाराच, आणि लायलॅक-फोर्सिथियाच्या कुळातला. त्याच्याबद्दल मराठीत इतकं लिहून झालंय, की मी दोनच गोष्टी सांगतो. सत्यभामेचा रुसवा तेलुगू शेजाऱ्यांचाही तितकाच लाडका. कृष्णदेवरायाच्या दरबारातल्या नंदी तिम्मनाने ‘पारिजातापहरणमु’ हे अख्खं काव्य त्यावर रचलं. आणि दुसरी, कामाची: प्राजक्त उघडा पडतो तो बहर संपल्यावर, ऐन उन्हाळ्याच्या तोंडाशी. सावनी थंडीत झोपते आणि मार्च-एप्रिलमध्ये, नेमकं टँकरचं पाणी येऊ लागतं तेव्हा, पाणी मागते. तेव्हा ज्यांच्या इमारतीत उन्हाळ्यात पाण्याचे वांधे असतात त्यांनी प्राजक्त लावावा. ज्यांच्याकडे ऊन भरपूर आणि दिवसाआड बादलीभर धुण्याचं पाणी उरतं, त्यांनी सावनी. जागा असली तर दोन्ही, म्हणजे मेपासून डिसेंबरपर्यंत घरात काही ना काही फुललेलं राहतं. प्राजक्ताला मोठा ड्रम लागतो आणि बहर संपल्यावर त्याचीही हिमतीने छाटणी करावी लागते, एवढं लक्षात ठेवावं.

कॉम्प्लेक्सच्या समित्यांना मात्र एक विनंती आहे. कुंपणभिंतीच्या आतल्या बाजूला तीन फुटांची पट्टी फरशीविना सोडा. सगळीकडे टाइल्स बसवून वर सिमेंटच्या कुंड्यांत अरेका पाम उभे करण्याचा खर्च तुम्ही दर दोन वर्षांनी करताच. त्या पट्टीत चार-पाच सावन्या जमिनीत लावल्या तर दुसऱ्या पावसाळ्यानंतर त्यांना ड्रमपेक्षा निम्मी देखभाल पुरते, गाड्यांवर फांदी पडण्याची भीती नाही, मुळं पाया उखडत नाहीत. थंडीत वॉचमनला आठ-दहा दिवस पानं झाडावी लागतील. ती कोपऱ्यात एका खड्ड्यात टाकली तर पुढच्या वर्षीचं खत तिथेच.

आणि रोप घेणाऱ्यांना. दसऱ्यानंतर सावनीचा हंगाम सरत येतो. तेव्हा रोपवाटिकेत ती काड्यांच्या रूपात स्वस्तात मिळते, पण घाई करू नका. पुढच्या जून-जुलैमध्ये, झाड फुलावर असताना जा. विकणारा प्रत्येक रोपाला ‘डार्क पिंक’ म्हणतो. रंग फांदीवर पाहून घ्या, बुंधा करंगळीएवढा तरी जाड आहे ना ते बघा, पिशवीच्या बुडातून मुळं बाहेर आलेली असतील तर दुसरं रोप मागा.